बर्फाच्या पोटातला प्रतिध्वनी

ज्यांच्या घरी एकेकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना त्याच्या काचेवरची ती आकड्यांची पट्टी आठवत असेल. मीडियम वेव्हवर पुणे केंद्राची जागा ठरलेली, ७९२ किलोहर्ट्झ. तिथं काटा आणला की काम झालं. शॉर्टवेव्हचं तसं नव्हतं. १९, २५, ३१, ४१ मीटर असे आकडे असायचे आणि ३१ मीटरच्या आसपास काटा केसभर सरकवला की एक देश जाऊन दुसरा यायचा. मध्येच शिट्ट्या, खरखर, कुणाचं तरी कटकट्ट. हा ३१ मीटरचा पट्टा म्हणजे साधारण साडेनऊ मेगाहर्ट्झ. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती दोन यंत्रं याच पट्ट्याच्या शेजारघरात, ९ मेगाहर्ट्झवर बोलतात. ती सध्या गुरू ग्रहाच्या वाटेवर आहेत आणि तिथल्या बर्फाळ चंद्रांच्या पोटात काय आहे ते त्यांना विचारायचं आहे.

पहिलं यंत्र युरोपियन अंतराळ संस्थेच्या 'ज्यूस' यानावर आहे. त्याचं नाव 'राइम'. हे यान १४ एप्रिल २०२३ रोजी निघालं आणि जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोचायचं आहे. दुसरं यंत्र 'रीझन', नासाच्या 'युरोपा क्लिपर' या यानावर. ते निघालं १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे दीड वर्ष मागाहून, पण पोचणार आधी, एप्रिल २०३० मध्ये. उशिरा सुटलेली गाडी आधी पोचते हे आपल्याला रेल्वेत पाहायची सवय नाही, पण अंतराळात रस्ता सरळ नसतो. ज्याचं रॉकेट अधिक जोरकस, त्याला वळसे कमी पडतात.

ही दोन्ही यंत्रं रडार आहेत. रडार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विमानतळावरची फिरती तबकडी येते. इथं तबकडी नाही, लांब दांड्यासारखा अँटेना आहे. राइमचा १६ मीटर लांबीचा. यानाने खाली रेडिओ लहरींचा एक झटका सोडायचा आणि कान देऊन बसायचं. बर्फाच्या पृष्ठभागावरून पहिला प्रतिध्वनी येतो. पण सगळी लहर तिथं परतत नाही, काही भाग बर्फात शिरतो. आत कुठं खडक, पाणी, खारट चिखल असा वेगळा थर लागला की तिथून दुसरा प्रतिध्वनी निघतो. दोहोंमधला वेळ मोजला की खोली कळते. बर्फात रेडिओ लहर सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार किलोमीटर वेगाने जाते. तीन किलोमीटर खोल जाऊन परत यायला तिला ३५-३६ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पस्तीस-छत्तीसपट वेळ लागतो. आडातलं पाणी किती खोल आहे हे दगड टाकून आवाज कधी येतो त्यावरून ओळखतात, तशातलाच हा प्रकार.

आता कुणी म्हणेल, मग हे आपल्या जमिनीवर का करत नाही? करतात. ढकलगाडीसारखं चाकावरचं रडार रस्त्यावरून फिरवून खालच्या केबल आणि पाइप शोधता येतात. पुण्यात खाली काय आहे हे कळायला रस्ता खोदावाच लागतो असा आपला अनुभव आहे, तो भाग वेगळा. पण खरी अडचण मातीची आहे. आपली काळी, चिकण, ओल धरणारी माती रेडिओ लहरी गिळून टाकते. ओल्या काळ्या रानात असलं रडार मीटर-दोन मीटरमध्येच दमतं. बर्फाचं उलट. बर्फ जितका थंड आणि जितका शुद्ध, तितका या लहरींना तो पारदर्शक. डोळ्याला जी काच वाटत नाही ती रेडिओला काच असते.

ही गोष्ट माणसाला कळली ती काहीशी अपघातानेच. अंटार्क्टिकावरून उडणाऱ्या विमानांतली उंची मोजणारी रेडिओ यंत्रं चुकीचे आकडे दाखवत. लहर बर्फाच्या पृष्ठभागावरून न परतता खालच्या खडकावरून परतत होती, आणि विमान प्रत्यक्षात असेल त्यापेक्षा बरंच उंचावर आहे असं यंत्र सांगत होतं. वैमानिकाच्या दृष्टीने हा जिवाशी खेळ. पण अमेरिकी सैन्यातले रेडिओतज्ज्ञ अ‍ॅमरी वेट यांनी त्याच दोषातून १९५०च्या दशकात बर्फाची जाडी मोजायची रीत काढली. पुढे केंब्रिजच्या मंडळींनी ती विमानावर चढवली आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली चक्क तळी सापडू लागली. त्यातलं सर्वांत मोठं व्होस्टॉक. जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली, सुमारे २५० किलोमीटर लांब. वर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

या विद्येशी आपलाही संबंध आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. पुढे तिथं उभारलेलं 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं पहिलं ठाणं बर्फाने गिळलं आणि १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं. बर्फाच्या थरावर घर बांधलं की ते हळूहळू बर्फाच्या आतलं घर होतं. त्यानंतरची 'मैत्री' आणि 'भारती' ही ठाणी खडकावर आहेत. वास्कोला जी राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी हिमालयात चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांची जाडी रडारनेच मोजली आहे. उन्हाळ्यात त्या नदीला पाणी किती येणार हा प्रश्न शेवटी वर बर्फ किती उरला आहे यावर येऊन ठेपतो. तेव्हा हे शास्त्र केवळ दूरच्या चंद्रांचं आहे असं समजू नये.

आता त्या चंद्रांकडे येऊ. गुरूचा युरोपा हा आपल्या चंद्राहून थोडासा लहान. त्याच्या अंगावर बर्फाचं कवच आहे आणि खाली खारट पाण्याचा समुद्र असावा, असं 'गॅलिलिओ' यानाने घेतलेल्या चुंबकीय नोंदींवरून दिसतं. या समुद्रात पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असेल असा अंदाज आहे. पण कवच किती जाड, यावर एकमत नाही. काही थोडे किलोमीटर म्हणतात, काही वीस-तीस. हा फरक किरकोळ नाही. युरोपाच्या पृष्ठभागावर गुरूच्या किरणोत्साराचा सतत मारा होत असतो आणि त्यामुळे बर्फातून ऑक्सिजनसारखी द्रव्यं तयार होतात. ती खालच्या समुद्रात पोचत असतील तर तिथल्या एखाद्या जीवाला खायला काहीतरी आहे. कवच जाड आणि घट्ट असेल तर समुद्र म्हणजे झाकण लावून ठेवलेला हंडा. मधल्या वाटा आहेत का हे पाहायला हवं. २०११ मध्ये काही शास्त्रज्ञांनी असं मांडलं की युरोपाच्या ज्या भागात बर्फ तुटून अस्ताव्यस्त झालेला दिसतो, तिथं कवचाच्या आतच, पृष्ठभागापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, पाण्याची तळी असावीत. असलीच तर तो रडारच्या टप्प्यातला माल आहे. त्या अभ्यासातले एक डोनाल्ड ब्लँकनशिप. त्यांनी कित्येक वर्षं अंटार्क्टिकाचा बर्फ विमानातल्या रडारने तपासला आणि आता रीझनची धुरा त्यांच्याकडे आहे.

मग ९ मेगाहर्ट्झच का? मी अनेक वर्षं विद्यार्थ्यांना रेडिओ संदेशवहन शिकवलं, आणि हा प्रश्न परीक्षेत घालावा असाच आहे. लहर जितकी लांब तितकी ती बर्फात खोल जाते, भेगा-पोकळ्यांत विखुरत नाही. ९ मेगाहर्ट्झची लहर ३३ मीटर लांब असते. राइमला तिच्या जोरावर नऊ किलोमीटर खोल पाहायचं आहे. मात्र लांब लहरीला बारीक दिसत नाही. जाड बोटाने सुईचं नेढं चाचपावं तसं होतं. म्हणून रीझनकडे दोन आवाज आहेत, एक ९ मेगाहर्ट्झचा खोल जाणारा आणि दुसरा ६० मेगाहर्ट्झचा, वरचे काही किलोमीटर बारकाईने पाहणारा.

आणि इथं गुरू आडवा येतो.

गुरू हा रेडिओवर आपल्या सूर्यमालेतला सर्वांत गोंगाटी ग्रह आहे. १९५५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या एका शेतात बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांनी तारांचं जाळं पसरलं होतं. २२ मेगाहर्ट्झवर त्यांना अधूनमधून खरखर ऐकू येई. आधी वाटलं, कुणी गडी रात्री उशिरा मोटारीतून घरी जात असेल आणि त्या मोटारीच्या ठिणग्यांचा हा आवाज असेल. मग लक्षात आलं की हा गडी रोज चार मिनिटं लवकर येतो, ताऱ्यांच्या घड्याळाप्रमाणे. तो गुरू होता. हा आवाज सुमारे ४० मेगाहर्ट्झच्या खालीच असतो. जुन्या शॉर्टवेव्ह संचावर, २० मेगाहर्ट्झच्या आसपास, गच्चीवर तार ताणून हौशी माणसंही तो ऐकतात. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर फुटाव्यात तसा लागतो. साठ-पासष्ट कोटी किलोमीटरवरून जो इथं गच्चीवर ऐकू येतो, तो त्याच्या अंगणातल्या युरोपापाशी किती कानठळ्या बसवत असेल! बर्फात खोल उतरणारी ९ मेगाहर्ट्झची लहर नेमकी या गोंगाटातच येते. एखाद्याने लग्नाच्या वरातीत बँडपुढे उभं राहून कानात कुजबुज ऐकायचा प्रयत्न करावा, तसं झालं.

क्षीण आवाज ऐकायचा तर काय करावं लागतं, हे पुणेकरांना परक्या देशात जाऊन शिकायची गरज नाही. पुण्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला आपली महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांनी उभी केली. भरीव तबकडीऐवजी तारांची जाळी दोरांवर ताणून बसवायची त्यांची युक्ती वजन आणि खर्च दोन्ही वाचवून गेली. नारायणगाव तसं टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. फडांचे भोंगे आणि जगातला सर्वांत हळू आवाज ऐकणारी दुर्बीण एकाच पंचक्रोशीत नांदतात. पण तिला माणसाचे भोंगे खटकत नाहीत, खटकतात ते रेडिओचे. जागा निवडताना डोंगरांची आडोशाची भिंत आणि रेडिओची शांतता पाहूनच खोडद निवडलं होतं.

गुरूचा तो ४० मेगाहर्ट्झच्या खालचा आरडाओरडा या दुर्बिणीच्या कक्षेत नाही. तिला गुरूचा दुसरा आवाज ऐकू येतो. गुरूभोवतीच्या चुंबकीय पट्ट्यांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गिरक्या घेतात, त्यांचा तो आवाज. ६१० मेगाहर्ट्झवर खोडदहून त्याची निरीक्षणं झालेली आहेत. क्लिपरच्या इलेक्ट्रॉनिक्सला ज्या किरणोत्सारापासून जाड धातूच्या पेटीत लपवावं लागलं, तो हाच.

आणि १९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र तर खोडदसाठी खासच होती. युरोपचं 'स्कियापरेल्ली' हे छोटं यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश वास्तविक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. पण साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदने तो टिपला. लहर पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. यान मंगळाच्या वातावरणात शिरलं, छत्री उघडली, संदेश चालू होता. आणि उतरण्याच्या पन्नासएक सेकंद आधी तो थांबला. यान आदळून फुटलं हे नंतर छायाचित्रांवरून नक्की झालं. मला या घटनेत यशापयशापेक्षा वेगळंच काही मोठं वाटतं. दुसऱ्याला उद्देशून केलेली कुजबुज, तीही एवढ्या लांबून, आपल्या जुन्नर तालुक्यात ऐकू आली. जोर यानाकडे नव्हताच. शांतता इथं होती.

आता पुन्हा युरोपाकडे. तिथं शांतता आणायची कुठून? रीझनच्या मंडळींनी ती युरोपाकडूनच मागून घेतली आहे. आपला चंद्र जसा पृथ्वीकडे कायम एकच तोंड करून असतो, तसा युरोपा गुरूकडे. म्हणजे त्याच्या पाठीमागच्या अर्ध्या भागातून गुरू कधीच दिसत नाही. यान त्या बाजूला खूप खालून गेलं की अख्खा युरोपा मध्ये येतो आणि गुरूचा आवाज अडतो. क्लिपर जवळच्या फेऱ्यांत पृष्ठभागापासून २५ किलोमीटरपर्यंत खाली येणार आहे. पाठीमागच्या बाजूला ९ मेगाहर्ट्झ, समोरच्या बाजूला ६० मेगाहर्ट्झ, अशी कामाची वाटणी. युरोपाच्या सुमारे ४९ फेऱ्यांपैकी खोलवरचं ऐकायचं ते त्या आडोशात.

घरातला गोंगाटही कमी नसतो. ज्यूसवर दहा उपकरणं आहेत आणि प्रत्येकाचं इलेक्ट्रॉनिक्स काहीना काही गुणगुणत असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये हे यान आपल्या चंद्राजवळून गेलं तेव्हा बाकीची उपकरणं बंद करून राइमला आठ मिनिटं एकट्याला दिली होती. त्यातून यानाचा स्वतःचाच आवाज किती आड येतो हे कळलं. तसा राइमचा जन्मच कटकटीचा. उड्डाणानंतर त्याचा घडी केलेला अँटेना पूर्ण उलगडेना. एक बारीकशी खीळ अडकली होती. शास्त्रज्ञांनी यान हलवून पाहिलं, उन्हाकडे वळवून शेकवून पाहिलं. अखेर १२ मे २०२३ रोजी शेजारचं एक यंत्र उडवून दिलेल्या धक्क्याने ती खीळ काही मिलिमीटर सरकली आणि दांडा मोकळा झाला. अडलेल्या दाराला खांदा देणं म्हणतात ते हेच.

क्लिपरने १ मार्च २०२५ रोजी मंगळाजवळून जाताना आपलं रडार पहिल्यांदा खऱ्या जमिनीवर तपासून पाहिलं. पृथ्वीवर त्याच्या मोठाल्या अँटेनांची एकत्र चाचणी घ्यायला पुरेल एवढी खोलीच नव्हती. चाळीसएक मिनिटं ते बोललं आणि त्याने ऐकलंही.

मंगळाचं नाव निघालंच आहे तर एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण २०३० नंतर वर्तमानपत्रांत 'पाणी सापडलं' असे मथळे येऊ लागतील. २०१८ मध्ये युरोपच्या 'मार्स एक्स्प्रेस' यानावरच्या रडारने मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर बर्फाखालून फार ठसठशीत प्रतिध्वनी मिळाल्याचं कळवलं. पाण्यावरून प्रतिध्वनी जोरात येतो, त्यामुळे तिथं २० किलोमीटर रुंदीचं तळं आहे असा अर्थ लावला गेला. २०२१ मध्ये इतरांनी दाखवलं की विशिष्ट प्रकारची गोठलेली चिकणमातीही असाच प्रतिध्वनी देऊ शकते. नंतर २०२५ मध्ये नासाच्या यानाने अंग बरंच कलवून वेगळ्या वारंवारतेवर त्याच जागी पाहिलं, तर उत्तर क्षीण आलं. वाद अजून मिटलेला नाही. रडार सांगतं ते इतकंच की इतक्या खोलीवर काहीतरी बदललं. काय बदललं ते माणसाला ठरवावं लागतं. शिवाय बाजूच्या डोंगरावरून आलेला प्रतिध्वनी आणि खोलातून आलेला प्रतिध्वनी एकाच क्षणी पोचले तर दोन्ही सारखेच दिसतात. युरोपा तर कड्या-खळग्यांनी भरलेला आहे. तेव्हा पहिल्या मथळ्यावर भाळू नये, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची वाट पाहावी.

शेवटी शांततेच्या किमतीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ती किंमत कुणीतरी देत असतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ मार्ग खोडदच्या जवळून जात होता. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेशी होणाऱ्या ठिणग्या रेडिओ दुर्बिणीला वैऱ्यासारख्या. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी दुर्बिणीमुळे मार्ग बदलावा लागेल असं सांगितलं आणि जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागात नाराजी उसळली. ती मला चुकीची वाटत नाही. टोमॅटो आणि द्राक्षं वेळेवर बाजारात जायची तर गाडी हवी, पोराला शिकायला पुण्याला धाडायचं तर गाडी हवी. पुण्यात बसून युरोपाच्या समुद्राच्या गप्पा मारणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या शेतकऱ्याला शांततेचं महत्त्व सांगणं फार सोपं आहे. पण ती तबकडी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकंच खरं. रेल्वेला दुसरा रस्ता काढता येतो, तसा तो या गावांना सोयीचाही काढता आला पाहिजे. बोगदा, आडोसा, अंतर, ठिणगीरोधक व्यवस्था यांचा हिशेब अभियंत्यांनी गावकऱ्यांसमोर मांडायला हवा. तीस वर्षं ज्यांनी या दुर्बिणीला शेजार दिला, त्यांना निर्णय फक्त कळवणं पुरेसं नाही.

ज्यांना ही शांतता स्वतः पाहायची आहे त्यांनी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला जावं. त्या वेळी दुर्बिणीचं आवार सर्वांना खुलं असतं, आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात. नारायणगावपर्यंत नाशिक रस्त्याने एसटी आहे. आणि तबकड्यांजवळ जाताना मोबाइल बंद ठेवायचा असतो, तेवढं लक्षात असू द्यावं.